ऑक्टोबरच्या सहलीबद्दल

तीर्थस्वरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची तिकिटे ऑक्टोबरची निघाली हे फार बरे झाले. त्या महिन्यात इथले ऊन सौम्य असते, पूर्व अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरांतली झाडे रंग बदलू लागतात आणि ओढ्यांचे पाणी ट्राउट या थंड पाण्यातल्या माशांना मानवेल इतके गार झालेले असते. बाबांना गळ टाकता यावा आणि आईलाही गुडघा न दुखवता फिरता यावे, असे एकच ठिकाण मी शोधत होते. शार्लट शहरापासून दोनेक तासांवर असलेले नॉर्थ कॅरोलायनातील स्टोन माउंटन स्टेट पार्क मला त्यासाठी सर्वांत योग्य वाटते. (जॉर्जियात याच नावाचा, कातळावर पुतळे कोरलेला डोंगर आहे, तो हा नव्हे.)

इथे ग्रॅनाइटचा सुमारे 600 फूट उंच, उघडाबोडका घुमट आहे. त्याला वळसा घालून जाणारी साडेचार मैलांची पायवाट सुंदर असली, तरी धबधब्याजवळ लाकडी पायऱ्यांची न संपणारी रांग आहे, म्हणून आई, तो नाद आपण सोडून देऊ. खालच्या वाहनतळापासून थोडे चालले की एकोणिसाव्या शतकातील एका शेतकरी कुटुंबाचे ओंडक्यांचे घर, धान्याची कोठी आणि लोहारशाळा जपून ठेवलेली आहे, आणि त्या अंगणातून अख्खा कातळ समोर दिसतो. माझ्या मते वर चढून जाण्यापेक्षा तो तिथूनच अधिक भव्य वाटतो.

बाबा, मासेमारीचे नियम मात्र आधीच सांगून ठेवते, नाहीतर ओढ्यावर पोहोचल्यावर तुम्ही माझ्यावर रागवाल. उद्यानातील ईस्ट प्राँग रोअरिंग नदीत सरकारी मत्स्यबीज केंद्रातले ट्राउट सोडतात, पण ऑक्टोबरपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत तिथे धरलेला प्रत्येक मासा परत पाण्यात सोडावा लागतो. या काळात गांडूळ, कणकेची गोळी असले कोणतेही नैसर्गिक आमिष जवळ बाळगणेसुद्धा चालत नाही. गळाचा एकच आकडा असलेले कृत्रिम आमिष वापरायचे. अशा पाण्याच्या काठी झाडांवर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या काळ्या-पांढऱ्या पाट्या लावलेल्या असतात. मी घरूनच वन्यजीव विभागाचा ट्राउटच्या पाण्याचा नकाशा आणि उद्यानाचा नकाशा शेजारी ठेवून पाहते, आणि पोहोचल्यावर पाटी वाचल्याशिवाय गळाची काठी उघडत नाही. तुमचा थोड्या दिवसांचा परवाना ऑनलाइन काढून ठेवेन.

वाशिष्ठीच्या काठी वाढलेल्या माणसाला धरलेला मासा सोडून द्यायला सांगणे अवघड आहे, हे मला कळते. पण यात इतिहासही आहे. इथला मूळचा ट्राउट म्हणजे ब्रूक ट्राउट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झालेल्या बेसुमार जंगलतोडीने ओढे तापले, गाळाने भरले आणि तो मागे हटला. अमेरिकेच्या पश्चिमेकडून आणलेला रेनबो आणि युरोपातून आलेला ब्राउन ट्राउट यांनी त्याची जागा घेतली. आज ब्रूक ट्राउट मुख्यतः उंचावरच्या थंड, अरुंद पऱ्यांतच तग धरून आहे. गडद पाठीवर फिकट नागमोडी रेघा, कुशीवर निळ्या कड्यातले तांबडे ठिपके आणि पोटाखालच्या परांना पांढरी कड असा तो असतो, आणि बहुधा तळहाताएवढाच. हातात घेण्याआधी हात ओले करून घ्यायचे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि मग सोडूनही तो जगेलच असे नाही. जेवणासाठी मासे आपण बाजारातून आणू. कालवणावर गदा येणार नाही.

दुसरा पर्याय म्हणून साउथ माउंटन्स स्टेट पार्क मनात आहे. तिथे जेकब फोर्क नदीच्या कडेने सुरुवातीची वाट सपाट आहे, पुढे 80 फुटांचा हाय शोल्स धबधबा आहे, आणि आईला वाटेत कुठेही बसून राहता येईल. सप्टेंबर 2024 च्या हेलीन वादळाने या डोंगरांतील अनेक रस्ते आणि पायवाटा उद्ध्वस्त केल्या होत्या, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही उद्यानांची स्थिती पाहूनच ठरवू.

आईने जुने कॅनव्हासचे बूट आणू नयेत. ओल्या कातळावर ते घसरतात, नवे इथे घेऊ. बाबा, तुमची गळाची काठी तिकडेच ठेवा, पण चष्म्याची दोरी न विसरता आणा.

तुमची,
मीनल