मोडी वाचून देणाऱ्या गुरुजींना

गुरुजी,
साष्टांग नमस्कार.

वेंगुर्ल्याला तुमच्या पडवीत कागदांची पिशवी घेऊन आलो, तेव्हा मी आमच्या वंशावळीसाठी जुन्या कागदांत दोन वर्षं एकच शब्द धुंडाळत होतो : शिरोडकर. तो तस्साच लिहिलेला दिसला नाही की पान उलटायचं. तुम्ही भिंग बाजूला ठेवलंत आणि म्हणालात, "आडनावाचो नाद सोड, बापाशीचा नाव आणि गाव बघ."

मोडी या जुन्या मराठी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, वेलांटी बहुधा दीर्घच, म्हणून आमच्या आडनावाचं 'शीरोडकर' होऊ शकतं, हे मला कुठे ठाऊक होतं! आधी ओळभर रेघ ओढायची, मग हात न उचलता अक्षरं, दोन शब्दांत जागा नाहीच. जन्माच्या नोंदीतली ती ओळ तुम्ही पेन्सिलीच्या टोकाने शब्द-शब्द सुटा करून दाखवलीत. नाव, मग 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, मग बापाचं नाव, मग मौजे म्हणजे गाव शिरोडा. आडनाव नव्हतंच तिथे. शके 1806, म्हणजे इसवी सन 1884. माझ्याच पणजोबांचं पान मी तीनदा उलटून पुढे गेलो होतो. त्या दिवशी तुमच्यासमोर डोळे भरून आले, तुम्ही काही न बोलता पाण्याचा तांब्या पुढे केलात.

मुंबईचे सिरोडकरही तुमच्यामुळेच सापडले. चुलत पणजोबा गिरणीत लागले, मस्टरवर नाव इंग्रजीत चढलं, त्यात एच गळला. त्यावरून पोरांच्या शाळेत मराठी नाव घातलं आणि 'श'चा 'स' झाला तो झालाच. आम्ही त्यांना परके समजत राहिलो. गोव्याकडच्या जुन्या कागदांत तर पोर्तुगीज वळणाने 'कर' हा सी-ए-आर असा, आणि नाईकात क्यू. "मोठ्यान् वाच, कानाक काय लागता ता बघ," असं तुम्ही म्हणायचात.

पण सगळ्यात मोठे उपकार तुमच्या एका नकाराचे आहेत. त्याच्याही आधीच्या एका कागदावर खापरपणजोबांचंच नाव दिसलं, पुढे बापाचं नाव आणि शिरोडा. मी लगेच वंशावळीत आणखी एक पिढी वर जोडायला निघालो. तुम्ही कागदावर हात ठेवलात. शिरोडा एक वेंगुर्ले तालुक्यात, दुसरा गोव्यात फोंड्याकडे. कागदावर महालाचं, म्हणजे तेव्हाच्या तालुक्याचं, नाव नाही. नुसतं नाव जुळलं म्हणून दुसऱ्याचा पूर्वज आपल्या घरात आणायचा नाही, हे तुम्ही मला ठणकावून सांगितलंत. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आज वाटतं, त्या हाताखाली आमची वंशावळ खरी राहिली.

यंदा चतुर्थीला सिरोडकर मंडळी पहिल्यांदाच घरी येताहेत. वंशावळ ओटीवर लावणार आहे. खापरपणजोबांच्या वरची जागा कोरीच ठेवली आहे. आरतीला तुम्ही हवेच, गुरुजी. न्यायला मी स्वतः येतो.

तुमचा,
शिरोडकरांचा धाकटा