नऊ आठे बहात्तर

महोदय,

'महापालिकेला रुग्णालये झेपत नाहीत, मग ती खासगी संस्थांना चालवायला देऊन मोकळे व्हावे', अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. पत्रलेखकाचा वैताग मला समजतो. मागच्या पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या आईला घेऊन मी एका सरकारी रुग्णालयात गेलो होतो. लिफ्ट बंद, स्ट्रेचर एकच, आणि सलाइनच्या सेटसकट चार वस्तूंची चिठ्ठी हातात: 'बाहेरून आणा'. तरीही पत्रातल्या 'मोकळे' या शब्दाशी मी अडलो. मोकळे नक्की कोण होणार?

मी हिशेबाचा माणूस. जिल्ह्यातल्या एका पालिकेच्या लेखा विभागात नोकरी झाली. कोविडच्या काळात, मे 2020 मध्ये, राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील 80 टक्के खाटांचे दर बांधून दिले. साधा वॉर्ड दिवसाला 4,000 रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. बिले तपासायला पालिकांनी माणसे बसवली, त्यांत मीही होतो.

पीपीई किट या दरांत धरलेले नव्हते आणि सगळी मेख तिथेच होती. एका वॉर्डातल्या नऊ रुग्णांची एकाच तारखेची बिले मी टेबलावर ओळीने मांडली. प्रत्येकाच्या बिलात आठ किट. नऊ आठे बहात्तर. स्टोअरचे रजिस्टर मागितले, ते दुपारच्या चहानंतर कधीतरी आले. त्या तारखेला त्या वॉर्डाला दिलेली किट होती बावीस. बिलिंगच्या काउंटरवरचा मुलगा पगारी माणूस, त्याच्यावर काय चिडायचे? तो म्हणाला, "काका, सिस्टिम पर पेशंटच घेते." बिले कमी झाली, काहींना पैसे परतही मिळाले. पण ते झाले कारण दर सरकारी आदेशात छापलेले होते आणि रजिस्टर मागायचा अधिकार माझ्या खिशातल्या पत्रात होता. ती ड्युटी संपली, पत्र संपले. आज त्याच काउंटरवर मी उभा राहिलो तर मला रजिस्टर कोण दाखवील?

म्हणून 'करारात कडक अटी घालू' असे कुणी म्हणाले की मला ती बहात्तर किट आठवतात. अट लिहायला एक कागद पुरतो. ती पाळली जाते की नाही हे पाहायला रोज माणसे लागतात, तीही जाणकार आणि कुणाला न भिणारी. परिचारिकांच्या जागा वेळेवर भरणे ज्या पालिकेला जमत नाही, ती ही माणसे कुठून आणणार?

गरिबांसाठी खाटा राखून ठेवण्याचे म्हणाल, तर ती अट आजही आहेच. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. शिवाय बिलांच्या रकमेतील 2 टक्के निर्धन रुग्णांच्या निधीत टाकायचे. स्टेशनबाहेरच्या रांगेतल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, हे त्याला कुणी सांगितले आहे का. माहीत असले तरी दुखणे काही तहसीलदाराच्या दाखल्यासाठी थांबत नाही.

नीती आयोगाने 2020 च्या सुरुवातीला जिल्हा रुग्णालये खासगी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडण्यासाठी करारनाम्याचा जो नमुना पुढे आणला, त्यात तर खाटांच्या दोन जातीच होत्या. एक नियंत्रित, दुसरी बाजारभावाची. इमारत एक, जमीन लोकांची. अशा ठिकाणी 'खाट शिल्लक नाही' हे कोणत्या खाटेबद्दल आधी ऐकू येईल, ते सांगायला लेखापाल लागत नाही.

'मग कळव्याचे काय?' असे मला विचारले जाईल, आणि विचारलेच पाहिजे. ऑगस्ट 2023 मध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात 24 तासांत 18 रुग्ण दगावले. मी खारेगावात राहतो. त्या आठवड्यात कळवा नाक्यावर दुसरा विषय नव्हता. त्याची जबाबदारी कुणी झटकू नये. पण 500 खाटांचे हे रुग्णालय कुणाकुणाचा भार वाहते तेही पाहा. कळवा, मुंब्रा, दिवा आहेच, वर शहापूर, मुरबाड आणि थेट जव्हार-मोखाड्याचे रुग्ण. त्यात ठाण्याचे सिव्हिल, म्हणजे जिल्हा रुग्णालय, नव्या इमारतीसाठी हलवलेले. दगावलेल्यांपैकी काही जण खासगी रुग्णालयांतून अगदी शेवटच्या अवस्थेत आणले गेले होते, असे प्रशासनाने तेव्हा सांगितले होते. डिपॉझिट संपले की 'पेशंटला कळव्याला हलवा' हे वाक्य ठाणेकरांना नवीन नाही. उद्या कळव्यालाच डिपॉझिट मागू लागले, तर पुढे कुठे हलवायचे? सायन? केईएम? तोवर पूल, टोलनाका आणि ट्रॅफिक यातून माणूस जिवंत पोहोचला पाहिजे.

पैसे नाहीत, हे कारण मला हिशेबनीस म्हणून पटत नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी आरोग्यखर्च 2025 पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) अडीच टक्क्यांवर नेऊ असे लिहिले होते. 2025 गेले, अडीच टक्के काही आले नाहीत. आधी उपाशी ठेवायचे आणि मग 'हा अशक्त आहे, दुसऱ्याच्या घरी द्या' म्हणायचे, असा हा प्रकार आहे. पाच लाखांच्या विमा योजना चांगल्या, पण त्या दाखल झालेल्यासाठी. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या आणि तापाची ओपीडी त्यात बसत नाही. ती गर्दी सकाळी आठला केसपेपरच्या खिडकीपुढेच उभी असते.

तेव्हा रुग्णालये चालवायला देण्याला माझा सरळ विरोध आहे. रिकाम्या जागा भरा, औषधाचा साठा रोज फळ्यावर लिहा. आणि एवढे सांगूनही करार करायचाच असेल, तर त्याचा मसुदा सही होण्याआधी मराठीत त्याच खिडकीशेजारी लावा. त्यात स्टोअरचे रजिस्टर मागायचा अधिकार कुणाला, हे कलम जरा मोठ्या अक्षरात छापा.

– एक निवृत्त लेखा कर्मचारी, खारेगाव, कळवा