सिसिलीची मोहीम आणि वर न गेलेले हात

प्रिय मित्रा,

परवा फोन ठेवला तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते, आणि तुझं शेवटचं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. तू म्हणालास की अथेन्स हरलं कारण तिथे लोकशाही होती, गर्दीने हात वर करून कुठे लढाया जिंकता येतात का. मी तेव्हा काही बोललो नाही कारण सकाळी तुला लवकर निघायचं होतं, पण मला ते अजिबात पटलेलं नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या तुकड्यांत लिहून हा विषय संपणार नाही म्हणून हे लांबलचक पत्र. चहा घेऊन बस.

गोष्ट सिसिलीच्या, म्हणजे इटलीजवळच्या त्या मोठ्या बेटावरच्या मोहिमेचीच सांगतो, कारण अथेन्सचं कंबरडं तिथे मोडलं. इ.स.पू. ४१५. स्पार्टाबरोबरचं मोठं युद्ध ४३१ ला सुरू झालेलं, मधे प्लेग येऊन गेलेला, त्यात अथेन्सचा मोठा नेता पेरिक्लीस गेला, आणि ४२१ मध्ये निकियास या अथेन्सच्याच सेनापतीने खटपट करून तह घडवून आणला होता, म्हणजे नावापुरती शांतता होती. अशात सिसिलीतल्या एजेस्टा नावाच्या गावाचे वकील अथेन्सला आले की शेजाऱ्यांशी आमचं भांडण चालू आहे, त्यांच्या पाठीशी सिराक्यूज हे सिसिलीतलं बलाढ्य शहर आहे, तुम्ही या, खर्च आम्ही करतो. सोबत ६० टॅलेंट चांदी आणलेली. एक टॅलेंट म्हणजे ६००० द्राख्मा, ही तिथली चांदीची नाणी, आणि एका जहाजावर साधारण २०० माणसं, रोजची एक द्राख्मा धरली तर ६० जहाजांचा बरोबर एक महिन्याचा पगार. हिशोब अगदी चोख.

आणि ही चांदी खरी वाटावी म्हणून एजेस्टाच्या लोकांनी आधी काय केलं होतं बघ. अथेन्सचे दूत पैशाची खात्री करायला तिकडे गेले तेव्हा त्यांना एरिक्सच्या देवळातली भांडी दाखवली, सगळी चांदीची, दिसायला भारी पण किंमत बेताची. मग घरोघरी मेजवान्या. प्रत्येक घरात सोन्या-चांदीचे प्याले. जहाजावरचे खलाशी डोळे विस्फारून बघत राहिले आणि परत आल्यावर गावभर सांगत सुटले. प्रत्यक्षात तेच प्याले या घरातून त्या घरात फिरत होते, काही तर शेजारच्या गावांतून उसने आणलेले! आपल्याकडे मुलगी बघायला पाहुणे येणार म्हणून शेजारून कपबशा आणायचे ना, तसंच. पुढे आरमार तिथे पोचलं तेव्हा कळलं की एजेस्टाकडे एकूण ३० टॅलेंट उरलेत.

पण मला तुला प्याल्यांबद्दल सांगायचं नाहीये, सभेबद्दल सांगायचंय.

पहिल्या सभेत ६० जहाजं पाठवायचं ठरलं आणि तीन सेनापती नेमले, अल्सिबायडीस, निकियास आणि लामाकस. निकियासला ही मोहीम नकोच होती, तरी त्यालाच नेमलं. चार दिवसांनी तयारीसाठी परत सभा भरली तेव्हा तो उठला आणि म्हणाला की घरचे शत्रू अजून संपलेले नाहीत, तह कच्चा आहे, आणि आपण एवढ्या लांब नवीन शत्रू करायला कुठे निघालो. अल्सिबायडीस तरुण, देखणा, श्रीमंत, ऑलिंपियात रथांच्या शर्यती मारून आलेला, त्याने उलट बाजू अशी मांडली की लोक पेटले. मग निकियासने दुसरी युक्ती केली. त्याला वाटलं खर्चाचा आकडा एवढा फुगवून सांगू की लोक आपोआप मागे हटतील. तो म्हणाला, कमीत कमी १०० ट्रायरीम म्हणजे वल्ह्यांची लढाऊ जहाजं लागतील, ५००० होप्लाइट म्हणजे ढाल-भालेवालं जड पायदळ लागेल, तिरंदाज, गोफणवाले, धान्याची जहाजं, सगळं सगळं लागेल. झालं उलटंच! लोकांना वाटलं की एवढी मोठी तयारी असेल तर मग धोका तो कसला, आणि सगळं मंजूर.

इथे थुसिडिडीस या त्याच काळातल्या इतिहासकाराने जे लिहून ठेवलंय ते मी कितीदा वाचलं असेल. तो म्हणतो की सगळ्यांवरच जाण्याची एक धुंदी चढली होती, म्हाताऱ्यांना वाटत होतं एवढी ताकद हरणार कशी, तरुणांना दूरचा मुलूख बघायचा होता, सामान्य माणसाला पगार दिसत होता. आणि ज्या थोड्यांना हे पटत नव्हतं ते गप्प बसले, कारण विरोधात हात वर केला तर आपण शहराचे वाईट चिंतणारे ठरू ही भीती.

मित्रा, मला हे वाक्य वाचताना दरवेळी आमच्या सोसायटीची मागची मीटिंग आठवते. एक ठराव आला, मला तो मनापासून चुकीचा वाटत होता, एका वयस्कर जोडप्याचं त्यात नुकसान होतं, आणि सगळे एवढ्या उत्साहात होते की मी मान खाली घालून मोबाईल बघत बसलो. मिनिट्समध्ये काय लिहिलं गेलं? सर्वानुमते मंजूर. त्या सर्वांमध्ये मी पण आहे आणि ते मला अजून बोचतं. म्हणून मी हे नुसतं जुनं पुराण म्हणून वाचू शकत नाही.

पुढचं तुला माहीत आहे तरी थोडक्यात. निघायच्या आधी एका रात्रीत शहरभरच्या हर्मीस देवाच्या दगडी मूर्ती कोणीतरी फोडल्या, अपशकुन म्हणून हलकल्लोळ झाला, त्या चौकशीत अल्सिबायडीसवर वेगळाच आरोप आला की त्याने घरात पवित्र विधींची टवाळी केली. तो म्हणत होता माझा खटला आत्ताच चालवा, दोषी असेन तर मारा. विरोधकांनी मुद्दाम लांबवलं कारण फौज शहरात होती आणि फौजेला तो आवडायचा. उन्हाळ्याच्या मध्यावर पिरीअसच्या बंदरातून आरमार निघालं. अख्खं शहर निरोप द्यायला खाली उतरलेलं, कर्णा वाजला, सगळीकडे शांतता, एकाच वेळी सगळ्या जहाजांवर प्रार्थना, सोन्या-चांदीच्या प्याल्यांतून समुद्राला मद्य अर्पण केलं आणि मग एजिना बेटापर्यंत जहाजांनी शर्यत लावली. वाटेत कॉर्सायरा बेटावर मोजणी झाली तेव्हा मित्रांची धरून १३४ ट्रायरीम. आणि घोडे किती नेले माहितीये? ३०. सिराक्यूजचं घोडदळ नावाजलेलं असताना एका जहाजात बसतील तेवढे ३० घोडे! हे वाचून मला खरंच वाईट वाटतं.

तिथे गेल्यावर तीन सेनापतींची तीन मतं. निकियास म्हणाला ताकद दाखवून परत जाऊ, अल्सिबायडीस म्हणाला आधी मित्र जोडू, आणि लामाकस, गरीब घरातला जुना लढवय्या, म्हणाला सिराक्यूज अजून बेसावध आहे, आत्ता सरळ घुसू. माझ्या मते लामाकसचंच बरोबर होतं. पण कोणी ऐकलं नाही, मग त्याने अल्सिबायडीसच्या बाजूने मत दिलं. तेवढ्यात खटल्यासाठी अल्सिबायडीसला परत बोलावणं आलं, तो वाटेत पसार झाला आणि थेट स्पार्टाला जाऊन बसला, तिथे त्याने सल्ला दिला की सिराक्यूजला एक स्पार्टन सेनापती पाठवा आणि अथेन्सच्या उंबऱ्यावर डेकेलियाला किल्ला बांधा. दोन्ही गोष्टी झाल्या. इकडे ४१४ मध्ये लामाकस लढाईत मारला गेला, राहिला एकटा निकियास, ज्याला मुळात यायचंच नव्हतं, आणि त्याला मूत्रपिंडाचा आजार. सिराक्यूजला वेढा घालून अथेन्सवाले बांधत होते ती भिंत पूर्ण व्हायला थोडीच बाकी होती तेव्हा तो स्पार्टन, गिलिप्पस, येऊन पोचला, आणि मग सिराक्यूजने आडवी भिंत घालून वेढाच तोडला.

आता खरा मुद्दा. त्या हिवाळ्यात निकियासने अथेन्सला पत्र लिहिलं. निरोप्याच्या तोंडी सांगून भागलं असतं, पण त्याला भीती होती की निरोपे लोकांना बरं वाटेल असंच सांगतील, म्हणून लिहूनच दिलं. त्यात लिहिलंय की जहाजं सतत पाण्यात राहून कुजायला लागलीत, वल्हवणारे पळून चाललेत, आम्ही वेढा घालायला आलो आणि आता आम्हीच वेढ्यात आहोत. आणि मग म्हणतो, तुमचा स्वभाव मला माहीत आहे, तुम्हाला गोड ऐकायला आवडतं आणि नंतर तसं झालं नाही की दोष देता. एकतर आम्हाला परत बोलवा नाहीतर एवढंच दुसरं सैन्य पाठवा. सभेने काय केलं? दुसरं सैन्य पाठवलं. डेमॉस्थेनीस आणि युरिमेडॉन हे सेनापती, ७३ जहाजं, आणखी ५००० च्या आसपास होप्लाइट. (हा डेमॉस्थेनीस म्हणजे तो प्रसिद्ध वक्ता नव्हे, तो पुढच्या शतकातला.)

डेमॉस्थेनीसने आल्या आल्या सिराक्यूजच्या वरच्या एपिपोलीच्या पठारावर रात्री हल्ला केला. चांदणं होतं, समोर माणूस दिसायचा पण आपला की त्यांचा कळायचं नाही. परवलीचा शब्द विचारून विचारून शत्रूलाच कळला, सोबतच्या डोरियन, म्हणजे शत्रूच्याच ग्रीक वंशशाखेतल्या मित्रांचं युद्धगीत शत्रूसारखंच ऐकू यायचं, आणि शेवटी आपलेच आपल्यांना मारायला लागले. त्यानंतर डेमॉस्थेनीस म्हणाला, बस झालं, समुद्र मोकळा आहे तोवर घरी जाऊ.

निकियास नाही म्हणाला. का, ते ऐक. तो म्हणाला, आज जे शिपाई इथे आपण मेलो म्हणून ओरडताहेत तेच अथेन्सला पोचल्यावर ओरडतील की सेनापतींनी लाच खाल्ली. तिथे खोट्या आरोपाखाली मरण्यापेक्षा मी इथे शत्रूच्या हातून मरेन. आणि ही भीती हवेतली नव्हती रे, आधीच्या सिसिली स्वारीवरून ४२४ मध्ये परतलेल्या तीन सेनापतींवर नेमका हाच लाचेचा आरोप झाला होता, दोघे हद्दपार, तिसऱ्याला दंड. तो तिसरा म्हणजे हाच युरिमेडॉन, जो त्या क्षणी त्याच छावणीत होता! आणि हे सगळं लिहिणारा थुसिडिडीस पण सेनापतीच, अ‍ॅम्फिपोलिस हे शहर स्पार्टाच्या हाती गेलं म्हणून २० वर्षं हद्दपार झालेला.

म्हणजे बघ, ४१५ ला सभेत गप्प बसलेला तो साधा मतदार आणि ४१३ ला बंदरात अडून बसलेला निकियास, दोघांनाही भीती शत्रूची नव्हतीच, आपल्याच माणसांची होती. मला परवा फोनवर हेच सांगायचं होतं.

शेवटी आजारपण वाढलं, गिलिप्पस आणखी कुमक घेऊन आला तेव्हा निकियास निघायला तयार झाला. आणि त्याच रात्री, २७ ऑगस्ट ४१३, खग्रास चंद्रग्रहण! ज्योतिषी म्हणाले तीन नवके, म्हणजे २७ दिवस हलायचं नाही, आणि तो हलला नाही. तेवढ्यात समुद्रावरच्या एका लढाईत युरिमेडॉन गेला, आणि सिराक्यूजने बंदराचं तोंड बंद केलं. मग ती शेवटची आरमारी लढाई. किनाऱ्यावर उभं असलेलं अथेन्सचं पायदळ ती बघत होतं, आणि जशी जहाजं पुढे मागे होत होती तशी भीतीने त्यांची शरीरंसुद्धा इकडून तिकडे झुकत होती. हरले. नंतर खलाशी परत जहाजावर चढायलाच तयार होईनात.

४०,००० माणसं पायी निघाली. जखमी मागे राहिले, ते मित्रांच्या गळ्यात पडून रडत होते, जमेल तेवढं फरफटत मागे येत होते. डेमॉस्थेनीसचे ६००० शरण आले तेव्हा त्यांच्याकडचे पैसे उलट्या धरलेल्या ढालींत टाकायला लावले, चार ढाली भरल्या. ज्या मोहिमेसाठी जहाजं भरून चांदी गेली तिचं उरलेलं चार ढालींत मावलं. निकियासची माणसं तहानेने वेडी होऊन असिनारस नदीत शिरली, वरून बाण येताहेत, पाणी चिखलाने आणि रक्ताने लाल, तरी त्याच्यासाठीच आपसात मारामारी. दोघाही सेनापतींना मारलं, गिलिप्पसची इच्छा नसताना. किमान ७००० कैदी दगडाच्या खाणीत, दिवसा ऊन, रात्री गारठा, प्रेतं शेजारीच, आणि रोजचं पाणी पाव लिटरच्या आसपास. हे मी इथेच थांबवतो, मला लिहवत नाही.

आता तुझ्या मुद्द्यावर येतो. ज्या सिराक्यूजने अथेन्सला बुडवलं तिथे पण तेव्हा लोकशाहीच होती! थुसिडिडीस स्वतः म्हणतो की अथेन्सला एवढा जड गेलेला हा शत्रू त्यांच्यासारखाच होता. मग नुसतं लोकशाहीमुळे हरले हे कसं म्हणणार?

आणि ४२७ चं मायटिलिनी आठव. त्या बंडखोर शहरातले सगळे पुरुष मारा असा ठराव याच सभेने रागाच्या भरात केला आणि जहाज रवाना पण झालं. दुसऱ्या दिवशी लोकांच्या मनाला लागलं, परत सभा भरली, डायोडोटस नावाचा माणूस, सगळ्यांना माराच म्हणणाऱ्या क्लिऑनसारख्या तोफेसमोर उभा राहिला आणि म्हणाला की घाई आणि राग यांच्यासारखे सल्ल्याचे शत्रू नाहीत. थोडक्या मतांनी ठराव फिरला. दुसरं जहाज निघालं, पहिलं जवळपास एक दिवस-रात्र पुढे. वल्हवणाऱ्यांनी मद्य आणि तेलात मळलेलं जवाचं पीठ वल्हं हातात धरूनच खाल्लं, आळीपाळीने झोपले. पहिलं जहाज असल्या कामाला रमतगमत चाललेलं. तिकडचा सेनापती पहिला हुकूम वाचून अंमल करायला निघाला आणि दुसरं जहाज बंदरात शिरलं. बंडाचे म्होरके तरीही मारले गेले, हजारावर, ते मी लपवत नाही, पण शहर वाचलं. सभा तीच, ती भरायची ती टेकडी तीच, मतदान तसंच हात वर करून. त्या दिवशी कोणीतरी बोललं आणि त्याला बोलू दिलं एवढाच फरक.

सिसिलीची बातमी अथेन्सला पोचली तेव्हा लोकांचा आधी विश्वासच बसेना. मग ते ज्या वक्त्यांनी मोहीम गळी उतरवली त्यांच्यावर तुटून पडले, आणि थुसिडिडीस तिथे जोडतो, जणू काही त्यांनी स्वतः मतच दिलं नव्हतं. पण त्याच लोकांनी लाकूड मिळवून परत जहाजं बांधली, आणि ४०४ पर्यंत, आणखी नऊ वर्षं, लढत राहिले. हे पण तुझ्या हिशोबात धर ना.

दिवाळीत येशील तेव्हा दोन दिवस जास्त राहा, सिराक्यूजचा नकाशा मी मोठा प्रिंट करून ठेवलाय, ती आडवी भिंत कुठे घातली ते बोट ठेवून दाखवतो. आणि पुढच्या रविवारी सोसायटीची परत मीटिंग आहे, तो ठराव मी पुन्हा विषयपत्रिकेवर घ्यायला लावलाय. काय होतं ते कळवतो.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
जुना रूम पार्टनर