नक्षी दांड्यावर, पण माप तोंडात

मा. संपादक,
स. न.

लोखंडी बारमधून नक्षीदार ओपनर घडवणे हे लोहारकाम शिकणाऱ्याच्या हाती सुरुवातीलाच दिले जाणारे काम. ठाणे-नवी मुंबईतल्या हस्तकलेच्या प्रदर्शनांत असे ओपनर विकायलाही दिसतात. पीळ सुरेख, टोकाला पान काढलेले, आणि बाटलीचा बिल्ला (पत्र्याचे दातेरी झाकण) मात्र काही केल्या निघत नाही. शिकवणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी नक्षीआधी ओपनरच्या तोंडाकडे पाहावे, एवढ्यासाठी हे पत्र.

सोड्याच्या बाटलीच्या बिल्ल्याला २१ दाते असतात आणि बाटलीवर आवळल्यावर त्याचा व्यास साधारण २९ मिमी भरतो. ओपनरचे भोक २५ मिमीच्या आसपास हवे. दांड्याच्या बाजूने त्यात आलेली जीभ ४ ते ५ मिमी ठेवली, की जिभेच्या टोकापासून समोरच्या कडेपर्यंत २० मिमी उरतात. जीभ बिल्ल्याच्या कडेखाली अडकते, समोरची कड बिल्ल्याच्या मध्याच्या जरा पुढे टेकते आणि दांडा उचलला की बिल्ला सुटतो. हेच अंतर २९ मिमीवर गेले, तर भोकाभोवतीचे अख्खे कडे बिल्ल्यावरून खाली घसरते, जोर काचेवर येतो आणि बाटलीच्या तोंडाचा टवका उडतो. १५ च्या खाली आले, तर बिल्ला मधोमध नुसता दुमडतो.

१२ मिमी चौरस एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ पोलादाचा) बार पुरतो; १५० मिमीच्या तुकड्याचे वजन १७० ग्रॅमच्या आसपास. आधीच तुकडा कापू नये. अर्धा मीटर लांब बारवर काम केले, तर सांडशी लागत नाही आणि पकड घट्ट राहते. टोकाचा ३० मिमी भाग पिवळसर तापवून ८ मिमी जाडीपर्यंत चपटा करावा. मग गोलसर कडांच्या चपट्या सुंभ्याने (भोक पाडायच्या हत्याराने) १२-१४ मिमी लांब उभी चीर पाडावी. तीन-चार घाव झाले की सुंभा पाण्यात बुडवायचा, नाहीतर तो तापून मऊ होतो आणि चिरेतच अडकतो. बार उलटवला की मागे काळपट खूण दिसते. नेमके तिच्यावर मारले की तुकडी सुटते. चीर ऐरणीच्या शिंगावर दोन्ही बाजूंनी आलटूनपालटून उघडावी. एकाच बाजूने उघडली, तर भोक निमुळते होते. रंग मंद लालवर उतरला की हात थांबवायचा. त्यापुढचे घाव चिरेच्या टोकाशी तडा पाडतात. उलट, भट्टीत लोखंडातूनच ठिणग्या उडू लागल्या, तर लोखंड जळायला लागले. तो भाग कापून टाकण्यावाचून इलाज नाही.

जीभ शेवटी काढायची रीत आम्हाला पटत नाही. तोवर कडे पातळ झालेले असते आणि जिभेला माल उरत नाही. दांड्यालगत माल राखून जीभ आधी काढावी, बार पूर्ण थंड करून खऱ्या बाटलीवर तपासावी, कानशीने काय ते एक-दोन मिमी घ्यावे, आणि मगच दांड्याला पीळ द्यावा. पिळासाठी ६० मिमी भाग सगळीकडे सारखा नारिंगी तापला पाहिजे. जिथे जास्त तापतो तिथे पीळ दाट बसतो. तिथे पाण्याची बारीक धार सोडली की तो आवरतो.

मालाबाबत एक कळकळीची विनंती. कळंबोलीच्या लोखंड बाजारात नवा एमएस बार किलोवर मिळतो, तोच घ्यावा. जस्ताचा मुलामा असलेली जीआय पट्टी किंवा पाइप भट्टीत घालूच नये. जस्ताच्या धुराने काही तासांत थंडी वाजून ताप भरतो. बांधकामाच्या टीएमटी सळईचे तुकडे स्वस्त पडतात, पण वरच्या धारा घडवताना आत दुमडल्या जातात आणि तिथेच पुढे भेगा दिसतात. गाडीच्या कमानपट्टीचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) ओपनर तापलेला असताना पाण्यात टाकला, तर काचेसारखा ठिसूळ होतो.

खाडीकाठच्या दमट हवेत उघडे लोखंड लगेच गंजते. तारेच्या ब्रशने पापुद्रे काढून, ओपनर इतपतच गरम करावा की मधमाशांचे मेण वितळून हलका धूर येईल. मेणाने पेट घेतला, तर ओपनर जास्त तापला आहे आणि थर टिकणार नाही. तोंडाला रंग देऊ नये. पहिल्याच बाटलीला तो सोलून निघतो.

प्रदर्शन भरवणाऱ्यांनी अशा ओपनरच्या टेबलावर सोड्याच्या चार भरलेल्या बाटल्या ठेवाव्यात आणि गिऱ्हाइकाला पैसे देण्याआधी एक उघडून पाहू द्यावी.

– लोहारकाम शिकवणारे काही कारागीर, वागळे इस्टेट, ठाणे