ध्वनिमुद्रणातले मुद्रण

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पॉप संगीतकार आणि चित्रकार यांच्या निर्मितीप्रक्रियेची तुलना करणारे लेख रविवारच्या पुरवण्यांत अधूनमधून येतात. त्यांत एका बाजूला ईझलपुढे उभा असलेला एकटा चित्रकार असतो, दुसऱ्या बाजूला गिटार घेऊन बसलेला गायक, आणि मग स्फूर्ती, एकांत, रंग, सूर यांची सांगड घातली जाते. आमच्या मते ही जोडीच चुकीची लावली जाते. रेकॉर्डिंगला मराठीने 'ध्वनिमुद्रण' हा शब्द दिला, त्यातच खरा जोडीदार सांगितलेला आहे. स्टुडिओत थरावर थर चढवून गाणे घडवणाऱ्याची तुलना मुद्राचित्रकाराशी, म्हणजे ठसा कोरून छापणाऱ्याशी व्हायला हवी.

एकच उदाहरण नीट पाहू. बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' हा १९६७ चा अल्बम लंडनमध्ये ॲबी रोडवरील ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत तयार झाला. निर्माते जॉर्ज मार्टिन, ध्वनिमुद्रक जेफ एमरिक. यंत्र एक इंच रुंद टेपवर फक्त चार ट्रॅक (आवाजाच्या स्वतंत्र पट्ट्या) उमटवणारे. चारही भरले आणि आणखी काही घालायचे असले, की त्यांचे आवाज एकमेकांशी जुळवून ते दुसऱ्या यंत्राच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे; तिथले उरलेले ट्रॅक नव्या वाद्यांना मोकळे. याला तिथे 'रिडक्शन' म्हणत. कसोटी इथे लागते. बास (खर्जातले गिटार) आणि ड्रम एका ट्रॅकवर गेले, की पुढे बास कमी वाटला तरी तो एकटा वर काढता येत नाही. पातळी वाढवली की ड्रमही चढतात. म्हणजे अजून गायलाच न गेलेल्या आवाजाखाली हा बास कसा लागेल, हे आजच ठरवायचे. शिवाय प्रत्येक उतरवणीत टेपची सूं-सूं वाढते (सारख्या पातळीच्या दोन सूं-सूं एकत्र आल्या तर ३ डेसिबलने) आणि झांजांची धार बोथट होत जाते. म्हणून झांजा सुरुवातीला हव्यात त्याहून थोड्या जास्त झळझळीत घ्याव्या लागतात.

आता लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या मऊ पत्र्यावर कोरलेला ठसा. पिकासो दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरिस गावात इदाल्गो आर्नेरा या मुद्रकाबरोबर लिनोवर काम करत होता. १९५८ मध्ये क्रानाख या जुन्या जर्मन चित्रकाराच्या चित्रावरून केलेल्या स्त्रीप्रतिमेला त्याने रंगागणिक वेगळा ठसा वापरला, आणि ते ठसे एकमेकांवर बिनचूक बसवणे जिकिरीचे ठरले. पुढे त्याने सगळे रंग एकाच ठशातून काढायला सुरुवात केली. या पद्धतीचे नावही 'रिडक्शन'च. जे कागदाचे पांढरे राहायचे ते आधी कोरून काढायचे आणि सगळ्या प्रती सर्वांत फिक्या रंगात छापायच्या. मग जिथे तो फिका रंग राहायला हवा तेवढा भाग कोरून टाकायचा आणि त्याच प्रतींवर पुढचा गडद रंग चढवायचा. शेवटी काळा छापताना ठशाचा थोडासाच भाग शिल्लक असतो. २० प्रती हव्या असतील तर सुरुवातीलाच २८-३० कागद घ्यावेत, कारण प्रत्येक रंगाला एक-दोन वाया जातात आणि मागाहून एकही वाढवता येत नाही. तैलशाई पुरती वाळली नसेल तर वरचा रंग नीट धरत नाही. रोलरवर शाई जास्त झाली तर बारीक रेघा बुजतात. कागद एका रंगाला ओलसर आणि दुसऱ्याला कोरडा असेल तर तो आकसतो आणि रजिस्ट्रेशन (रंगांचे एकमेकांवर बिनचूक बसणे) केसभर सरकते. तेवढीही चूक डोळ्याला टोचते.

पांढरे आधी सोडावे लागते, हा नियम त्या अल्बममधल्या 'अ डे इन द लाइफ' या गाण्यात जसाच्या तसा सापडतो. जानेवारी १९६७ मध्ये मूळ टेक (सलग वाजवून केलेले मुद्रण) घेतला तेव्हा मधल्या २४ मात्राखंडांत काय येणार हे कुणालाच ठाऊक नव्हते. तरी जागा मोजून रिकामी ठेवली. एक सहायक मोठ्याने आकडे म्हणत राहिला आणि शेवटी गजराचे घड्याळ वाजवले. १० फेब्रुवारीला ४० वादकांचा ताफा आला. मार्टिन यांनी प्रत्येकाला सुरुवातीचा सर्वांत खालचा स्वर आणि शेवटचा वरचा स्वर लिहून दिला, मधली चढण ज्याने-त्याने आपापल्या गतीने करायची. चार ट्रॅकच्या एका यंत्रात हे मावेना, म्हणून दोन यंत्रे जोडली. केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने एका यंत्राच्या ट्रॅकवर ५० हर्ट्झचा स्वर भरून त्यावर दुसऱ्याची मोटर चालवली. आमच्या भाषेत हे शुद्ध रजिस्ट्रेशन: दोन ठसे, एकच खूण.

त्याच हंगामातले 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' मात्र ठसा नाही, कोलाज आहे. वेगळ्या पट्टीतले, वेगळ्या लयीतले दोन टेक कापून जोडलेले. टेपचा वेग सुमारे ५.६ टक्के उतरवला की सूर अर्ध्या स्वराने खाली येतो आणि लयही तेवढीच मंदावते, म्हणून हे सांधणे जमले. अल्बमचे मुखपृष्ठही कोलाजच. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी माणसाएवढ्या कापीव छायाचित्रांची गर्दी उभारली. (त्यात गांधीजीही होते, भारतात भावना दुखावतील या भीतीने ईएमआयने त्यांना काढायला लावले.)

तुलना जिथे तुटते ती जागाही सांगायला हवी. कोरलेला लिनो परत येत नाही. उतरवणीआधीची टेप मात्र कपाटात राहते. म्हणूनच २०१७ मध्ये जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांना त्या पहिल्या पिढीच्या टेपांकडे जाऊन सगळा अल्बम नव्याने मिक्स करता आला. तिथे बास आणि ड्रम पुन्हा सुटे मिळाले. मुद्राचित्रकाराला अशी सोय नाही.

आज संगणकावर शंभर ट्रॅक आणि अमर्याद 'अनडू' मिळतो, चित्राच्या सॉफ्टवेअरमध्येही लेयर हवे तेव्हा उघडता येतात. त्याचा फायदा मोठा आहे, पण शिकणाऱ्यांचा बास-ड्रमचा निर्णय शेवटच्या दिवसापर्यंत लांबतो आणि गाणे तिथेच अडते. त्यांना एक सराव सुचवतो: चारच ट्रॅक घ्या, ते एका फाइलमध्ये उतरवा, मूळ चार फाइली पेनड्राइव्हवर काढून दुसऱ्याच्या हाती द्या आणि पुढचे तीन ट्रॅक त्या एका फाइलवरच चढवा. असे दोनदा केले की पहिल्या उतरवणीत गायकासाठी किती जागा सोडायला हवी होती ते कानाला कळते. लिनोच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक रंगानंतरची एक प्रत बाजूला ठेवावी. पुढचे कोरण्याआधी तिच्यावर पेन्सिलने खुणा करता येतात.

पिकासोच्या १९६२ च्या 'दिव्याखालचे स्थिरचित्र' या लिनोकटच्या अशा टप्प्याटप्प्याच्या प्रती ब्रिटिश म्युझियमने जपल्या आहेत. पुरवणीत पुढच्या वेळी या विषयावर लेख येईल तेव्हा कलावंतांच्या छायाचित्रांऐवजी ते टप्पे ओळीने छापावेत आणि शेजारी एखाद्या गाण्याच्या उतरवणींचा तक्ता द्यावा, एवढी विनंती.

आपले,
मुद्राचित्रण आणि ध्वनिमुद्रण शिकवणारे दोन वाचक, पुणे