पॉट ऑड्स वेगळे, इक्विटी वेगळी

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या गणितावरचा लेख मी आवडीने वाचला. पण त्यात पॉट ऑड्स आणि इक्विटी हे शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत. मी कॉलेजात वर्षानुवर्षे संभाव्यता शिकवली, त्यामुळे एवढ्यापुरते लिहिणे मला भाग आहे. पॉट म्हणजे डावात लागलेली एकूण रक्कम, आणि कॉल म्हणजे समोरच्याने लावली तेवढी रक्कम घालून डावात राहणे. पॉट ऑड्स म्हणजे पॉटच्या तुलनेत कॉलची किंमत आणि इक्विटी म्हणजे जिंकण्याच्या शक्यतेनुसार पॉटमधला आपला वाटा. दोन्ही स्वतंत्रपणे काढायचे आणि मग ताडून पाहायचे.

फाइव्ह कार्ड ड्रॉ घ्या, म्हणजे पाच पाने वाटून नको ती एकदा बदलून घेण्याचा पोकरचा प्रकार. हातात बदामाची चार पाने आणि एक किलवर आहे. पॉटमध्ये ६० चिप्स आहेत, समोरच्याने २० लावल्या. आता ८० मिळवायला मला २० घालायच्या आहेत. कॉल केल्यावर पॉट १०० चा होईल आणि त्यात माझ्या २०, म्हणजे निदान २० टक्के वेळा तरी जिंकायला हवे. पाचवे बदाम आले तर फ्लश, म्हणजे पाचही पाने एकाच चिन्हाची, आणि डाव माझा असे तूर्त धरू. किलवर टाकून एक पान घेतले, तर न पाहिलेल्या ४७ पानांत बदामाची ९ आहेत. शक्यता १९ टक्क्यांच्या थोडी वर. कॉल थोडक्यात तोट्याचा.

इथे विद्यार्थी हमखास विचारतात, बाकीची बदामे दुसऱ्यांच्या हातात गेली असतील तर? असतीलही. पण ती मला दिसत नाहीत, तोवर गड्डीतले पान आणि दुसऱ्याच्या हातातले पान माझ्या हिशेबात सारखेच. भाजक ४७ च राहतो.

असे ४७ डाव धरा. सरासरीने ३८ डावांत २० जातील, एकूण ७६०. उरलेल्या ९ डावांत ८० मिळतील, एकूण ७२०. तूट ४०. मात्र पान बदलल्यावर बोलीची आणखी एक फेरी असते. फ्लश लागल्यावर तिथे दर वेळी ५ चिप्स जरी जास्त मिळाल्या तरी ४५ होतात आणि तोट्याचा कॉल फायद्यात येतो. लेखात या दुसऱ्या फेरीचा उल्लेखच नाही, आणि मला ती सगळ्यात मोठी उणीव वाटते. उलट बाजूही आहे: समोरच्याने एकही पान बदलले नाही, तर त्याच्याकडे फ्लशहून वरचढ फुल हाऊस (तीन सारखी आणि दोन सारखी पाने) असू शकते आणि माझा फ्लशही हरू शकतो. म्हणून १९ टक्के ही फ्लश लागण्याची शक्यता झाली, इक्विटी त्याहून कमीच धरावी. एक्क्यांच्या जोडीचे नेमके उलटे. तीन पाने बदलून ती सुधारण्याची शक्यता साधारण २९ टक्के, पण न सुधारताही ती अनेकदा जिंकते.

वाट्याची ही कल्पना जुनी आहे. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांनी अर्ध्यावर मोडलेल्या खेळातली रक्कम कशी वाटावी, याचा पत्रांतून विचार केला. उत्तर होते: पुढे काय काय घडू शकते ते मोजा आणि त्या प्रमाणात वाटा.

दोन्ही टोकांना उघडी सिक्वेन्स असेल तर उपयोगाची पाने ८, मधले एकच पान हवे असेल तर ४. दुसऱ्या स्थितीत ४३ विरुद्ध ४, म्हणजे जवळजवळ अकरास एक असा भाव मिळाला तरच कॉल परवडतो. पुढच्या लेखात पानांच्या या संख्येशेजारी कॉलचा भावही छापावा, ही विनंती.

— गणिताची एक निवृत्त प्राध्यापिका