‘अप्रमाणित’ म्हणजे ‘बनावट’ नव्हे

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

मंगळवारच्या अंकात पहिल्या पानावर बनावट औषधांची बातमी वाचली आणि सासऱ्यांच्या हाती पडण्याआधी तो अंक उचलून कपाटात ठेवला. आपले वर्तमानपत्र आमच्या घरी लग्नाआधीपासून येते. त्याच घरात ते लपवून ठेवण्याची वेळ माझ्यावर यावी, याचे मला अतिशय वाईट वाटले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बातमीतील यादी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची आहे. ती दर महिन्याला निघते आणि तिच्यातील बहुतेक औषधे ‘अप्रमाणित’ असतात. आपण मात्र सरसकट सगळ्यांना ‘बनावट’ म्हटले आहे. औषधे आणि सौंदर्य प्रसाधने अधिनियम, १९४० मध्ये मिथ्याछाप (म्हणजे चुकीचे वा दिशाभूल करणारे लेबल असलेले), भेसळयुक्त आणि बनावट यांच्या व्याख्या वेगवेगळ्या कलमांत दिल्या आहेत, त्या उगाच नव्हेत. दुसऱ्याच्या नावाने विकलेले किंवा अस्तित्वातच नसलेल्या कंपनीचे लेबल लावलेले औषध बनावट ठरते. परवाना असलेल्या कारखान्यातच तयार झालेले, पण इंडियन फार्माकोपियाने, म्हणजे औषधांच्या मानकांच्या अधिकृत ग्रंथाने, ठरवून दिलेल्या एखाद्या चाचणीत कमी पडलेले औषध अप्रमाणित असते.

मी लग्नाआधी सात वर्षे नागपूरजवळच्या एका औषध कारखान्यात क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत, काम केले आहे. गोळीत तेच औषध आहे का, लेबलवर लिहिले आहे तेवढे आहे का, प्रत्येक गोळीत सारखे आहे का, त्यात नको ते घटक किती आहेत, अशा एकेका प्रश्नाची एकेक चाचणी असते. डिझोल्यूशनचे, म्हणजे गोळी विरघळण्याच्या चाचणीचेच, उदाहरण देते. सहा गोळ्या सहा काचपात्रांत ३७ अंशांच्या द्रावणात सोडायच्या, ठरलेल्या वेगाने पाते फिरू द्यायचे आणि ठरलेल्या मिनिटांनी नमुना काढून किती औषध विरघळले ते मोजायचे. एखादी गोळी कमी पडली तर आणखी सहा घ्यायच्या आणि तरीही निकाल लागला नाही तर आणखी बारा. एवढे करून नापास झालेली बॅच, म्हणजे एकाच वेळी तयार झालेला गोळ्यांचा साठा, सदोषच असते आणि ती बाजारातून परत घेतली गेलीच पाहिजे, कारण वेळेत न विरघळणारी गोळी रुग्णाच्या अंगी पूर्ण लागत नाही. पण त्या गोळीत औषध असते. ती खडूची भुकटी नसते आणि विषही नसते.

हे मी इतक्या तळमळीने लिहिते, त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका मथळ्यात ‘रक्तदाबाची गोळी बनावट’ असे आले होते. माझे सासरे अम्लोडिपिन घेत होते. त्यांनी ती बातमी वाचली आणि कोणालाही न सांगता गोळी बंद केली. अकराव्या दिवशी ते कपाशीच्या वावरात धुऱ्यावर कोसळले. दर्यापूरला नेले तेव्हा रक्तदाब २०० च्या वर होता, तेथून रात्रीच अमरावतीला हलवावे लागले. शुद्धीवर आल्यावर मी विचारले, तर म्हणाले, “पेपरात आलं होतं सूनबाई, गोळ्या नकली हायेत म्हून. मंग जहर कायले खाऊ?” त्यांचा उजवा हात अजून नीट चालत नाही. नंतर मी मूळ यादी काढून पाहिली. नापास झालेली बॅच त्यांची नव्हतीच, कंपनीही वेगळी होती आणि नापास होण्याचे कारण डिझोल्यूशन हे होते. यादीत औषधाचे नाव, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, कंपनी आणि कारण हे सारे दिलेले असते, आणि हा निष्कर्ष तपासलेल्या बॅचपुरताच असतो. आपल्या बातमीत त्यातले काहीच नव्हते. परवाच्या बातमीतही नाही.

मी कंपन्यांची बाजू घेत आहे असे कृपया समजू नये. मध्य प्रदेशातील छिंदवाड्याची लेकरे खोकल्याचे औषध घेतल्यावर नागपूरच्या दवाखान्यांत दगावली, तेव्हा तमिळनाडूच्या तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघाले होते. त्याची मर्यादा ०.१ टक्का आहे. आपल्याच नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयातील सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधच नव्हते. अशा वेळी आपण सर्वात कठोर शब्द वापरावा, मी आपल्या बाजूने उभी राहीन. पण तोच शब्द उशिरा विरघळणाऱ्या गोळीलाही लावला, तर माझ्या सासऱ्यांसारख्या माणसाने कशाला घाबरावे आणि कशाला नाही?

आणखी एका गोष्टीकडे कोणाचेच लक्ष नाही. लेबलवर ‘३० अंशांखाली ठेवा’ असे छापलेले असते आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाच्या छपराखालच्या दुकानात आणि वीज गेलेल्या फ्रिजमध्ये औषधांचे काय होत असेल? मागच्या उन्हाळ्यात गावातून आणलेल्या ॲस्पिरिनच्या पट्टीला व्हिनेगरचा आंबूस वास येत होता. उष्णता आणि ओल लागली की ॲस्पिरिन फुटून त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटते, त्याचा तो वास. कारखान्यातून पास होऊन निघालेले औषध असे दुकानात नापास होते. त्याची बातमी मी अद्याप वाचलेली नाही.

याच कायद्याच्या कलम २६ नुसार औषध विकत घेणारा कोणीही ठरलेली फी भरून ते शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, हेही आपण एकदा ठळकपणे छापावे. आमच्या गावात हे कोणालाही ठाऊक नाही.

मंगळवारच्या बातमीतील औषधांचे बॅच नंबर आणि प्रत्येक औषध कोणत्या चाचणीत नापास झाले ते कारण आपण येत्या अंकात द्यावे, ही कळकळीची विनंती. मंगळवारचा अंक अजून माझ्या कपाटात आहे. ती यादी छापून आली की दोन्ही अंक मी सासऱ्यांच्या हातात देईन आणि त्यांची पट्टी त्यांच्याच समोर ताडून पाहीन.

आपली,
एक वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती